पाळण्यातले इंजिन

घरातल्या झोपाळ्याचे कौतुक होते ते शिसवी पाटाचे आणि लखलखीत पितळी कड्यांचे. आढ्यातल्या ज्या आकड्यांवर सारा भार तोललेला असतो, त्यांच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही. मोटारीचेही तसेच आहे. जुनी मोटार दिसली की लोक तिचा रंग पाहतात, भोंगा वाजवून बघतात, ती किती पळते ते विचारतात. पण तिचे इंजिन ज्या रबराच्या तुकड्यांवर आणि मूठभर बोल्टांवर बसलेले असते, त्यांची चौकशी फक्त एकच माणूस करतो. ज्याचे ते तुकडे झिजले आहेत, तो! आणि ते बदलायला निघालेल्या माणसाला बाजारात पाऊल टाकताच कळते की, आपण एका लहानशा इतिहासात शिरलो आहोत.

मोटारी नव्या होत्या तेव्हा इंजिन सरळ चासीवर बोल्टांनी आवळून बसवीत. आता चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला सहाशे फेरे, म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही सेकंदाला वीस धक्के! स्फोट क्रँकला एका दिशेने फिरवतो, तेव्हा इंजिनाचे धूड उलट दिशेला वळू पाहते. ते घट्ट आवळलेले असले, की तो सारा थरथराट चासीत, चासीतून बैठकीत आणि बैठकीतून बसणाऱ्याच्या दातांत जातो. श्रीमंतांनी यावर उपाय काढला होता तो सिलिंडर वाढवण्याचा. सहा घ्या, आठ घ्या! पण ज्याच्या खिशाला चारच परवडतात त्याने काय करावे?

याचे उत्तर अमेरिकेत १९३१ साली मिळाले. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतरचे ते हलाखीचे दिवस. क्रायस्लर कंपनीची स्वस्तातली मोटार म्हणजे प्लिमथ, आणि तिला सिलिंडर चारच. कंपनीच्या इंजिनिअरांनी इंजिन आवळण्याऐवजी ते चक्क पाळण्यात घातले. पुढचा आधार उंचावर, पाण्याच्या पंपाखाली, मागचा आधार खाली, गिअरपेटीच्या मागे, दोन्हीकडे रबर. या दोन आधारांना जोडणारी कल्पित रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी योजना केली. म्हणजे इंजिनाला ज्या रेषेभोवती स्वभावतःच डोलावेसे वाटते, तिच्याभोवतीच त्याला डोलू द्यायचे. ते फार कलू नये म्हणून बाजूला एक पाट्याची स्प्रिंग. या रचनेला त्यांनी नाव दिले ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती. असे सांगतात की, वॉल्टर क्रायस्लर यांनी नव्या प्लिमथांपैकी एक स्वतः चालवीत हेन्री फोर्ड यांच्याकडे नेली. प्रतिस्पर्ध्याच्या दारी आपली वस्तू घेऊन जायला छातीही तशीच हवी! पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीने हा हक्क विकत घेतला आणि आपल्या मोटारींवर पोहणाऱ्या हंसाचे चित्र लावले. पाण्यावर हंस, तसे रबरावर इंजिन.

हा हंस आपल्या अंगणातही उतरला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली क्रायस्लर कंपनीशी करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारींची जुळणी होऊ लागली. आज महाराष्ट्रात त्यांतली एखादी कोणी जिवापाड जपून ठेवलेली आढळते. तिच्या इंजिनाखालचे रबर बदलायची वेळ आली, की मात्र मालकाची खरी परीक्षा सुरू होते.

पहिला पेपर आट्यांचा. इंग्लंडच्या व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. अमेरिकेच्या सेलर्सने १८६४ साली तो ६० अंश केला. अर्धा इंची जाड आट्यांचा बोल्ट घ्या. इंग्रजी बोल्टाला इंचात बारा आटे, अमेरिकनाला तेरा. नजरेला दोघे सख्खे भाऊ. पण एकाचा नट दुसऱ्यावर चढवला, की थोडासा फिरून अडतो, आणि अडाणी हाताने पाना दाबला तर दोघांचीही माती होते. दोन्ही देशांनी कॅनडाला बरोबर घेऊन आट्यांचा एक समान मेळ बसवला तो १९४८ साली. तोवर मुंबईच्या रस्त्यावर दोन्ही गोत्रांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. शिवाय मॉरिसचे इंजिन म्हणजे तर आंतरराष्ट्रीय सोयरीक! ते बनवणारा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, म्हणून आटे फ्रेंच मापाचे आणि बोल्टाचे डोके मात्र इंग्रजी पान्याला बसणारे.

दुसरा पेपर रबराचा, आणि तो अधिक अवघड. भोकात बसतो तो तुकडा योग्यच, असे पुष्कळांना वाटते. पण झोपाळा आठवा. त्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीपेक्षा फार भराभर ढोसले, तर तो जवळजवळ हलतच नाही. मऊ रबरावरच्या इंजिनाची लय अशीच संथ असते, म्हणून स्फोटांचे भराभर धक्के तिथेच जिरतात. टायरचा कठीण तुकडा कापून ठोकला, की लय वाढते, धक्क्यांशी जुळू लागते आणि उभी गाडी थरथरते. पुष्कळ गाड्यांत बोल्टाभोवती एक लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला तरी रबर चेपू नये, हे तिचे काम. ती ‘जास्तीची’ समजून टाकून दिली, तर उत्तम रबरही दगड होऊन बसते.

मग अस्सल, कंपनीच्या पेटीतला, कधीच न वापरलेला तुकडा मिळाला तर? तिथेच खरी मेख आहे. रबर वापराने झिजते तसे ते नुसत्या हवेने आणि उष्णतेनेही म्हातारे होते. सत्तर वर्षे फडताळात राहिलेला तुकडा दिसतो कोरा, पण नखाने दाबला तर लाकडासारखा टणक लागतो. म्हणून जाणते कारागीर जुन्या तुकड्याच्या लोखंडी पट्ट्या जपतात, मापे घेतात आणि त्यांच्यामध्ये योग्य मऊपणाचे ताजे रबर भट्टीत चिकटवून घेतात. लोखंड जुने, आटे जुने, रबर नवे.

वाडवडिलांची वस्तू जपणे म्हणजे तिचा प्रत्येक कण जसाच्या तसा ठेवणे नव्हे. त्या १९३१ च्या इंजिनिअरांनी रबर योजले ते इंजिनाला डोलता यावे म्हणून. ज्या तुकड्यावर ते डोलत नाही, तो पेटीवर कोणतेही नाव मिरवीत असो, अस्सल नव्हे. आणि ज्यावर ते पुन्हा हंसासारखे तरंगते, तो काल संध्याकाळी भट्टीतून निघालेला असला तरी अस्सलच म्हणायचा.