आधी पाचवं वर्ष बघून या

मे १९७३. परभणी–गंगाखेड रस्त्यावर दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसल्या आहेत. त्यांत तुमची आई आहे आणि तिच्या पोटात तुम्ही आहात, चौथा महिना. विहिरींनी तळ गाठलाय. दुपारच्या सुट्टीत सुकडी मिळते, रात्री परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती थापताना तुटते. आई तिच्यातली अर्धी खाते, उरलेली थोरल्या पोरांच्या ताटात टाकते. दिवाळीच्या तोंडावर तुमचा जन्म होईल तेव्हा सुईण म्हणेल, पोर लईच बारीक हाय.

हे आधी बघायला हवं, कारण पन्नाशीत तुमचं वजन ११२ किलो झालं तेव्हा सगळ्यांनी एकच कारण सांगितलं: तोंडाला आवर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास करत आले. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबी मात्र तितक्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे मिळेल ते साठवून ठेवतं, असा अंदाज या अभ्यासावरून बांधला जातो. तुमच्या एकटीच्या वजनाचा हिशेब त्यातून मांडता येणार नाही. पण ‘तोंडाला आवर नाही’ हा जाऊबाईंचा टोमणा पुन्हा ऐकाल तेव्हा तो खडीचा रस्ता आठवा.

आता आजच्या दिवसात या. वसमत रोडवरचं घर, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी. उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४५च्या घरात. बारा वर्षांचा मधुमेह, रात्री घोरताना श्वास अडकतो, फळ्यापाशी उभं राहिलं की गुडघे बोलतात. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बॅरिएट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. मिस्टर गप्प आहेत. सासूबाई म्हणतात, “चांगलं पोट कापून घ्यायलीस व्हय गं?” त्यांच्या या प्रश्नाला माझ्या मते खरं उत्तर द्यायला हवं, आणि त्यासाठी थोडं फिरून यावं लागेल.

अमेरिकेतलं मिनेसोटा, १९५४. सर्जन क्रेमेन आणि लिनर लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळच्या वाटेनं पुढे पाठवतात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत असे रुग्ण हजारो होतात. वजन उतरतं, पण त्यांच्या खाटांजवळून चालत जा: जुलाब थांबत नाहीत, कुणाला मूतखडे, कुणाचे सांधे सुजलेले, कुणाचं यकृत निकामी होत चाललेलं. शेवटी ही शस्त्रक्रिया बंदच करावी लागली.

१९६६, आयोवा. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा चढत नाही, हे डॉ. एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलेलं असतं. ते चिकाशी इटो यांच्यासोबत गॅस्ट्रिक बायपास करू लागतात: जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडायचा. आज तुम्हाला सुचवलेली स्लीव्ह शस्त्रक्रिया त्याहून पुष्कळ अलीकडची. तिच्यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागेनाशी होते. काढलेला भाग परत बसवता येत नाही, हेही सासूबाईंना सांगा.

मुंबईत फार थांबायचं नाही. १९९०मध्ये जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली आणि मोठ्या चिरेशिवाय पोटात काम करण्याची वाट देशात मोकळी झाली. २०११मध्ये नितीन गडकरींनी वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द मराठवाड्यातल्या पारावरही पोचला. २०१७च्या मार्चमध्ये इजिप्तच्या अतिलठ्ठ इमान अहमदवर मुंबईत स्लीव्ह झाली. त्याच सप्टेंबरात अबुधाबीच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. एका बातमीनं लोकांना वाटलं हे सोपं आहे, दुसरीनं वाटलं हा मृत्यूच आहे. मधली वर्षं कुणी दाखवली नाहीत. आपण तिकडेच निघालोय.

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. वाटीभर पातळ वरण संपवायला तुम्हाला अर्धा तास लागतो. जेवताना पाणी चालत नाही. आधी किंवा नंतर, घोट-घोट. मे महिन्यातल्या परभणीच्या उन्हात गटागटा पाणी पिता न येणं काय असतं, ते रुग्णालयाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तहान लागायच्या आधीच बाटली हातात घ्यायची सवय लावून घ्यावी लागते.

तिसरा-चौथा महिना. वजन २२ किलोंनी उतरलंय आणि कंगव्यात केसांचा पुंजका येतोय. पटकन वजन उतरलं आणि प्रथिनं कमी पडली की हे होतं. बहुतेकींचे केस वर्षभरात परत येतात. पण त्या चार महिन्यांत आरशासमोर रडू येतं आणि “चांगली होतीस की आधी” हे वाक्य रोज कानी पडतं. याच काळात पित्ताशयात खडे होऊ शकतात. उलट्या थांबेनाशा झाल्या तर घरी ओवा-आल्यावर दिवस काढू नका. शरीरातलं थायमिन (जीवनसत्त्व बी-१) संपलं की मेंदूला इजा होते, तीही काही आठवड्यांत.

दहावा महिना, जानेवारी. मानवतच्या शेतात हुरडा आहे. आगटीतलं कणीस कुणीतरी तळहातावर चोळून गरम दाणे तुमच्या हातात देतं. चिमूटभर खाता, नीट चावून, बरं वाटतं. मग मामी आग्रहानं पुरणपोळी वाढतात, वर तूप, आणि तुम्ही त्यांचं मन मोडत नाही. वीस मिनिटांत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते, बाभळीच्या सावलीत आडवं व्हावं लागतं. याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर जास्त, स्लीव्हनंतरही काहींना. पाऊण तासानं उतरतं, पण तोवर सगळं शेत तुमच्याभोवती गोळा झालेलं असतं. आपल्याकडे ताटातलं टाकणं म्हणजे अपमान. ऑपरेशननंतरचं सगळ्यांत अवघड पथ्य माझ्या मते हेच: मायेच्या माणसाला नाही म्हणणं.

आणि त्याच वर्षी मधुमेहाचं इन्सुलिन सुटलेलं असतं. तपोवन एक्स्प्रेस पकडायला परभणी स्टेशनचा जिना तुम्ही न थांबता चढता. रात्री श्वास अडकत नाही. मांडी घालून जमिनीवर बसता येतं, मुलांच्या वह्या तशाच बसून तपासता. हेही तितकंच खरं आहे. स्वीडनमध्ये १९८७पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी निघालं. २००७मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पाचवं वर्ष मात्र नीट बघा, कारण तोवर सगळे विसरलेले असतात. तळपायांना मुंग्या येतात, नावं आठवत नाहीत: बी-१२ संपलंय. तुम्ही शाकाहारी, त्यामुळे ते आधीच तळाशी होतं. हिमोग्लोबिन घसरलंय. आपल्याच कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ज्वारी लोह आणि जस्त जास्त असलेली आहे, तिची भाकरी जरूर खा, पण ती गोळीची जागा घेत नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, दोन तासांचं अंतर हवं. काहींना छातीत जळजळ कायमची लागते. काहींचं वजन थोडं परत चढतं. तो गुन्हा नव्हे, पण लपवलं तर वाढत जातं.

ऑपरेशन न करण्याचीही वाट आहे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५पासून भारतात मिळू लागली आहेत. बंद केली की वजन बहुधा परत येतं आणि खर्च महिन्याच्या महिन्याला असतो. काहीच न करणं हाही निर्णयच, त्याच्या शेवटी डायलिसिस आणि निकामी गुडघे असू शकतात.

मला विचाराल तर, तुमच्या आजारांची यादी पाहता ऑपरेशन करून घ्यावं. विमा असेल तर पॉलिसी वाचा: बीएमआय ४०च्या वर असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण असतील, तर केवळ लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणून दावा नाकारता येत नाही, असं २०१९च्या नियमांत होतं. पण तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा, की पाचव्या आणि दहाव्या वर्षी माझं रक्त कोण तपासणार, आणि परभणीत रात्री उलट्या सुरू झाल्या तर मी कुणाला फोन करायचा? नाव आणि नंबर कागदावर लिहून मिळाला तरच तारीख घ्या. नाही मिळाला, तर दुसरे डॉक्टर बघा.