माती तीच, वीट नवी

आज बोलूया मातीच्या विटेबद्दल. भट्टीत भाजलेल्या नव्हे, दाबून घडवलेल्या.

मातीच्या घराचं नाव काढलं की अजून किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. तिथल्या भिंती जाड दगडांच्या, दगड चिखलात बसवलेले, आणि वर मातीचं जड माळवद. हादऱ्याने भिंती फुटल्या, माळवद खाली आलं. तेव्हापासून ‘माती नको’ हे मनात बसलं. पण दोष बांधणीचा होता. भिंतीला बांधून ठेवणारं काही नव्हतं, आणि डोक्यावर मोठं ओझं होतं.

माती पक्की करण्याचा खटाटोप त्याआधीच सुरू होता. 1950 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या ‘सिनव्हा’ या घरबांधणी केंद्रात राउल रामिरेझ या इंजिनिअरने एक हातयंत्र केलं. लोखंडी साचा आणि लांब दांडा. साच्यात ओलसर माती भरायची, झाकण लावायचं, दांडा ओढायचा, की वीट तयार. वीज नको, सरपण नको. केंद्राचं आणि रामिरेझचं नाव जोडून यंत्राला ‘सिनव्हा-राम’ म्हणू लागले. हा राम आपला नव्हे, पण आपल्या कामाचा!

आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने गावांसाठी तंत्रज्ञान शोधणारा ‘अस्त्र’ गट उभा राहिला. तिथे प्रा. के. एस. जगदीश आणि सहकाऱ्यांनी या विटांवर काम केलं. 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये अशाच पोकळ विटा रचून, त्यांत सळ्या आणि काँक्रीट घालून घरं बांधली गेली. म्हणजे भूकंपाच्या गावातही माती परत आली, पण नीट बांधून.

या विटेत वजनाने शंभर भाग मातीला साधारण पाच ते आठ भाग सिमेंट असतं. दाबलेल्या विटा सावलीत रचून तीन-चार आठवडे ओल्या ठेवाव्या लागतात. इथे घाई केली, की वीट ठिसूळ राहते.

माती मात्र पारखून घ्यावी. रेताड माती चांगली. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. ती नुसत्या सिमेंटला दाद देत नाही. काचेच्या बाटलीत थोडी माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, रात्रभर ठेवा. रेती खाली बसते, चिकण माती वर. कशाचं प्रमाण किती ते डोळ्यांनी दिसतं. पक्का निर्णय मात्र तपासणी करून घेऊनच.

भिंती लिंपणं, जमीन सारवणं, पोतेरं करणं, हे पिढ्यान्‌पिढ्या आपणच केलं. त्याची मजुरी कुणी दिली नाही. आता त्याच मातीची वीट विकली जाणार असेल, तर यंत्राचा दांडा आणि हिशोबाची वही दोन्ही गटाच्या हातात हवीत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या शिवारातल्या मातीची एक बाटली आणा.