सायकलची पाचर : एका सांध्याचा इतिहास

दोन वस्तू एकत्र जोडण्याच्या युक्त्या मनुष्यानें पुष्कळ शोधून काढल्या. परंतु जोडलेलें पुनः सोडविण्याचा विचार त्यानें तितक्याच आस्थेनें केला, असें यंत्रांच्या इतिहासावरून दिसत नाहीं. सायकलचा क्रँक, म्हणजे पायडलापासून मधल्या आंसापर्यंत येणारा दांडा, हें याचें घरगुती उदाहरण आहे. तो वर्षानुवर्षें बिनतक्रार फिरतो. पुढें आंतले छर्रे झिजले किंवा दातेरी चक्राचे दांत गेले, म्हणजे तो काढण्याची वेळ येते; आणि मग तो असा हटून बसतो कीं, लोखंडालाहि स्वभाव असतो कीं काय, असें वाटूं लागतें. हा हट्ट कोठून आला, हें आज आम्ही पाहणार आहों.

१८१७ सालीं जर्मनींत कार्ल फॉन द्राइस यानें चालवून दाखविलेल्या दुचाकीला पायडलें नव्हतींच. स्वार जमिनीला पाय रेटून ती पुढें ढकलीत असे. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें मिशो यांच्या कारखान्यांत पुढच्या चाकाच्या आंसालाच क्रँक बसवूं लागले. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानें ‘रोव्हर’ गाडी बाजारांत आणली. तींत पायडलें दोन चाकांच्या मध्यें आलीं आणि साखळीच्या योगानें मागचें चाक फिरूं लागलें. आमच्या प्रश्नाचा जन्म येथेंच झाला. हा मधला आंस सांगाड्याच्या अरुंद नळींतून आरपार ओंवावा लागतो; दोन्ही टोंकांस क्रँक कायमचे जडविले, तर तो आंत जाणार कसा? तेव्हां निदान एक क्रँक तरी सुटणारा हवा. उलट, ज्यावर स्वार आपला सर्व भार देतो तो क्रँक चालत्या गाडीवर सुटतां कामा नये. या परस्परविरोधी मागण्यांचा मेळ कारागिरांनीं पाचरीनें घातला.

दुकानांत हिला कॉटर पिन म्हणतात. ही सुमारें साडेनऊ मिलिमीटर जाडीची पोलादी खुंटी असून तिची एक बाजू तिरकी घांसलेली असते. क्रँकच्या भोंकांतून ती आडवी ठोकली, म्हणजे ती बाजू आंसावरील सपाट खांचेवर घट्ट बसते. टोंकाची चाकी तिला केवळ मागें सरकूं देत नाहीं; भार वाहते ती पाचरच. पायाच्या प्रत्येक दाबानें पाचर चेपत जाते, पावसाचें पाणी शिरून गंज धरतो, आणि जो गुण गाडी चालतांना प्राण वांचवितो तोच गाडी उघडतांना आडवा येतो.

ती काढण्याची रीत जुने कारागीर जाणतात. चाकी सैल करून पाचरीच्या टोंकाशीं समपातळींत आणावयाची, म्हणजे आटे चेपत नाहींत. क्रँकखालीं पोकळ लोखंडी नळीचा तुकडा उभा धरून तो जमिनीवर टेकवावयाचा. असें केलें म्हणजे घावाचा जोर छर्र्यांवर न पडतां जमिनींत उतरतो. नंतर नेमका एकच जोरदार घाव. भीत भीत मारलेल्या दहा टोल्यांनीं पाचरीचें टोंक फुलतें, आणि एकदां तें फुललें कीं पाचर भोंकांतून निघत नाहीं. मग ती गिरमिटानें कोरूनच काढावी लागते. फार गंज असेल तर आदल्या रात्रीं तेल सोडून ठेवावें.

हें ज्ञान आपल्याकडे गाडीच्या मागोमाग आलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलचें दुकान काढलें, आणि त्याच घराण्याचा उद्योग पुढें लोखंडी नांगरापर्यंत व किर्लोस्करवाडीपर्यंत वाढला, हें वाचकांस ठाऊक आहेच. परदेशांतून आलेलें यंत्र ज्याला विकावयाचें, त्याला तें उघडतांहि आलें पाहिजे. १९५१ सालीं सोनीपतला ॲटलसचा व १९५६ सालीं लुधियान्यास हीरोचा कारखाना निघाला, तरी साध्या काळ्या सायकलींत पाचर तीच राहिली. त्यामुळें हातोडी, पाना व नळीचा तुकडा एवढ्या भांडवलावर देशांतील कोणत्याहि गांवीं दुरुस्ती होऊं शके.

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या महामार्गावरील सडक अर्जुनी हें असेंच एक गांव. सडक त्याच्या नांवांतच आहे. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून निघालेल्या गोंदिया जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. सभोंवार धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि जंगल. अशा मुलखांत शाळा व बाजार गांठावयास सायकल हें मोठें साधन आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींस शाळेसाठीं सायकली दिल्या जातात. तेव्हां कोहमाऱ्याच्या चौकांत एखादा क्रँक अडून बसला, तर कोणाची मजुरी बुडते, कोणाची शाळा.

आतां या गोष्टींत नवें पात्र आलें आहे. १९३३ सालीं फ्रान्समधील स्ट्राँगलाइट या कारखान्यानें बिनपाचरीचा क्रँक काढला. यांत आंसाचें टोंक चौकोनी व निमुळतें असून क्रँक त्यावर दाबून बसविलेला असतो. म्हणजे पाचर गेली खरी, पण आंसच पाचर झाला! गियरच्या सायकलींबरोबर ही तऱ्हा आतां खेड्यांतहि पोंचली आहे. हा क्रँक हातोडीला दाद देत नाहीं. घावानें छर्रे व त्यांच्या वाट्या मात्र बिघडतात. आधीं मधला बोल्ट व त्याखालची चकती काढावी. मग क्रँकच्या आट्यांत पुलर शेवटपर्यंत फिरवून बसवावा व त्याचा मधला दट्ट्या आंसावर रेटावा, म्हणजे क्रँक आपोआप बाहेर येतो. चकती विसरली, किंवा पुलर अर्धाच बसविला, तर ॲल्युमिनियमचे मऊ आटे सोलून निघतात. शिवाय मापेंहि वेगवेगळीं. सर्वसाधारण माप २२ मिलिमीटर. परंतु जुन्या स्ट्राँगलाइटचें २३.३५ आणि टीए या फ्रेंच कारखान्याचें २३. डोळ्यांस न दिसणारा हा फरक आट्यांस पुरेपूर जाणवतो.

म्हणून अनोळखी क्रँक हातीं आला, तर किती जोर लावावा हें विचारण्यापूर्वीं तो कोणत्या जातीचा, हें विचारावें. ज्याला आपण यंत्राचा हट्ट म्हणतों, तो बहुधा आपला अपरिचय असतो. पूर्वीं एक रीत कळली कीं सारा देश पुरत असे. आतां गाडी गांवांत पोंचते, पण ती उघडणारें हत्यार मागें राहतें, आणि ज्याच्या हातांत अनुभव आहे अशा कारागिराच्याच हातून तिचें नुकसान होतें. हें टाळावयास फार कांहीं लागत नाहीं. जेथें जेथें अशा सायकली दिल्या वा विकल्या जातात, तेथें निदान एका दुकानीं एक पुलर असावा आणि तो चालविण्याची रीत कोणीं तरी दाखवून द्यावी. सायकल ज्याला दिली, त्याला ती उघडण्याचें साधनहि जवळपास मिळालें, तरच तें देणें पुरें झालें असें आम्ही समजतों.