झापच्या माळावर, २०४६

तुम्ही घोटाभर चिखलात उभे आहात. जव्हार तालुक्यातलं झाप गाव, २०४६ चा जुलै. आवणी चालू आहे. इरलं घेतलेल्या बाया मधूनच आभाळाकडे बघतात. चार दिवसांनी आज उघडीप आहे, म्हणजे ड्रोन येणार. एवढं सगळं सुधारलं, तरी मुसळधार पावसापुढे ते यंत्र अजून घरीच बसतं.

पडवीत आजी बसल्यात. दंडावरच्या चकतीनं त्यांची साखर रात्रीच मोजून पाठवलीय. पडद्यावर मुंबईच्या डॉक्टरीणबाई. आजी वारलीत बोलतात, बाईंना मराठी ऐकू येतं.

"जेवता ना वेळेवर, आजी?"

आजी मान डोलावतात. यंत्र ती मान जशीच्या तशी टिपून घेतं. दारातली आशाताई मात्र पुढे होते. "नाय मॅडम. काल रातच्याला नुसती आंबील पिऊन झोपली." बाई इन्सुलिनचं प्रमाण लगेच कमी करतात. काळाच्या या साऱ्या प्रवासातलं आशाताईचं हे एक वाक्य तेवढं कान देऊन ऐका.

औषधाची चिठ्ठी कागदावर नाहीच. एकदा औषध दिलं गेलं की ती आपोआप बाद होते. आपल्या काळात एकाच चिठ्ठीचा फोटो तीन ठिकाणी पाठवता यायचा. मीही पाठवलाय, कबूल करतो.

आता मागे वळा. २०२१ चा नोव्हेंबर, हेच गाव. रस्त्यानं यायला चाळीसेक मिनिटं लागणारी कोविड लस जव्हारहून ड्रोननं दहाएक मिनिटांत आलीय, ३०० डोस. आणखी मागे, २५ मार्च २०२०. टाळेबंदीचा पहिला दिवस. फोनवरून रुग्ण कसा तपासावा याची नियमावली केंद्रानं त्याच दिवशी काढली. त्याआधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा निघाला आणि पुढे वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. औषधं दारात येऊ लागली, कायदा मात्र १९४० चाच. चुकीची गोळी आली तर जाब कुणाला विचारायचा, हे तेव्हा गिऱ्हाईकानंच शोधायचं होतं.

वर घरघर ऐकू येते. २०४६ मध्ये परत या.

डबा माळावर उतरतो. आशाताई आधी नाव वाचते, मग मुदत, मग आतला गारवा हातानं चाचपते. इन्सुलिनचं पेन आजींच्या हाती देण्याआधी ती चुलीपाशी जाते आणि झाकण उचलते.

भात अजून शिजायचाय. पेन परत डब्यात.