घरफोडी व स्वसंरक्षणाचा हक्क
उमरखेडलाही (जि. यवतमाळ) १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतील घरफोडी रोखताना, अगदीच गरज पडल्यास, स्वसंरक्षणाचा हक्क चोराचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो (कलम ४१). मात्र कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. घरफोडीविरुद्धचा हा हक्क चोर घरात असेपर्यंतच टिकतो (कलम ४३). पकडलेल्या चोराला खांबाला बांधून मारणे हा सरळसरळ गुन्हा आहे, जमाव कितीही चिडलेला असो. विदर्भाच्या उन्हाळ्यात घरचे गच्चीवर झोपतात आणि खाली कडीकोयंडा उचकटला जातो. अशा वेळी आरडाओरड करून शेजार जागवावा, ११२ ला फोन करावा, खेड्यात पोलीस पाटलाला कळवावे. ठसे घेईपर्यंत कपाटाला हात लावू नये.