बॉम्बे ग्रुप आणि दोन मुलं

परवा रक्तदान शिबिरात शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने विचारलं, "काका, हा बॉम्बे ग्रुप काय प्रकार आहे हो?" मला धड सांगता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो, आणि भलत्याच गोष्टीत जाऊन पोचलो.

१८६७ साली बर्लिनमध्ये युलियस कोनहाइमने जिवंत बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीशी रेंगाळतात, चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडतात. पू होतो तो त्यांचाच. पण धावत्या रक्तात त्यांना धरून ठेवतं कोण? उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. भिंतीवरची सिलेक्टिन नावाची प्रथिनं पेशीला आधी हलकेच धरून तिचा वेग कमी करतात. मग पेशीवरची इंटेग्रिन प्रथिनं घट्ट पकड घेतात.

आता मुंबई. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र रक्त नोंदवलं. तपासणीत ते 'ओ' वाटे, पण त्याला 'ओ' रक्तही चालत नसे. कारण तांबड्या पेशींवर फ्युकोज नावाच्या साखरेचा एक छोटा तुकडाच नव्हता. बाकी ही माणसं ठणठणीत असतात.

आणि मग १९९२. इस्रायलमध्ये डॉ. एत्झिओनींकडे दोन मुलं होती. सारखे जंतुसंसर्ग, वाढ खुंटलेली. रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी, पण जखमेत पू नाही! आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे. तोच धागा ठरला. या मुलांच्या शरीरात फ्युकोज कुठेच नीट जोडलं जात नव्हतं, आणि सिलेक्टिन पेशीला धरतं ते नेमकं फ्युकोज असलेल्या साखरेलाच. म्हणजे लोकल फलाटावरून जातेय, उतरायचंय, पण गाडी थांबतच नाही.

पुढे १९९९ मध्ये अशाच एका दुसऱ्या मुलाला तोंडाने फ्युकोज दिलं आणि त्याचे संसर्ग थांबले. इस्रायलच्या मुलांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. २००१ मध्ये दोष सापडला: पेशीच्या आत फ्युकोज वाहून नेणारं प्रथिनच बिघडलेलं होतं.

गुडघा फुटून पू झाला की आपण नाक मुरडतो. त्या मुलांच्या आयांना तोच पू दिसला असता तर केवढा धीर आला असता!

असो. तो शिबिरातला मुलगा पुन्हा भेटला तर आता सांगता येईल.