इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ : पुनर्मुद्रणाचे संग्राह्यमूल्य

ली फॉक यांचा फँटम हा १९३६ पासूनच्या अमेरिकन वृत्तपत्रीय चित्रमालिकेचा नायक. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तिचे पुनर्मुद्रण आरंभिले आणि मराठी वाचकांना तो ‘वेताळ’ म्हणून परिचित झाला. मात्र हे पुनर्मुद्रण यथामूल नव्हते. ‘बंगाला’ देशाचे ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’. बंगाल व शीख यांच्याशी साधर्म्य टाळण्याचा हेतू त्यात उघड दिसतो. ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. २०१० पासून अमेरिकेत हर्मिस प्रेसने मूळ दैनिक पट्ट्यांचे खंड काढले. त्यांतील पाठ निःसंशय अधिक शुद्ध. परंतु स्वातंत्र्योत्तर भारतीय संपादकाने केलेल्या फेरफारांचा पुरावा संग्राहकांनी जपलेल्या त्या ‘अशुद्ध’ अंकांतच सापडतो.